निर्णय कोणाचा

गेल्या पावसाळ्यात दादरच्या एका महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून गेले होते. नवस्वतंत्र राष्ट्राने परराष्ट्र धोरणात तटस्थ राहावे की बाजू घ्यावी, असा विषय होता. बाहेर धो धो पाऊस, सभागृहात ओल्या छत्र्यांचा आणि दमट पडद्यांचा वास, आणि व्यासपीठावर एकामागून एक येणारी, पाठांतराच्या ओझ्याने थोडी बावरलेली मुले. त्यांत एक मुलगी मुळीच बावरलेली नव्हती. तिने माईक किंचित दूर सारला आणि म्हणाली, "ज्याला स्वतःचे मत नसते आणि ज्याच्या मनगटात जोर नसतो, तो तटस्थ राहतो. स्वातंत्र्य मिळाल्यावर आपण तळ्यात-मळ्यात करत राहिलो आणि त्याला धोरण असे नाव दिले." सभागृहाने जोरदार टाळ्या वाजवल्या. वाक्ये बांधेसूद होती, उच्चार स्वच्छ होते, मांडणीला धार होती. मी तिला भरपूर गुण दिले आणि ते तिने कमावलेलेच होते. पण परतीच्या गाडीत, दारातून आत येणारे तुषार चुकवत उभी असताना, तिचे बोलणे मनातून हलेना. दुबळेपणाचा आरोप मला नवा नव्हता. बोचत होते ते वेगळेच. तिच्या भाषणातला देश म्हणजे नकाशावरचा एक रंग होता. त्या रंगाखाली रेशनच्या रांगेत उभी असलेली, किंवा परक्या मुलुखाकडे निघालेल्या जहाजावर चढणारी माणसे तिला कोणी दाखवलीच नव्हती.

मला ती माणसे दिसली, कारण माझे वडील गोदीत होते.

अलेक्झांड्रा डॉकमध्ये ते टॅली क्लार्क होते. जहाजाच्या पोटातून क्रेनने वर येणारा माल मोजायचा, वहीत खुणा करायच्या, पाळी संपताना जहाजावरच्या माणसाशी आकडे जुळवायचे, हे त्यांचे काम. लालबागच्या आमच्या चाळीत ते जिना चढून येत तेव्हा त्यांच्या आधी त्यांच्या शर्टाचा वास घरात शिरे: गव्हाची धूळ, ताग, यंत्राचे तेल आणि या सगळ्याखाली बंदराचा खारट ओलावा. ते सांगत की एका धक्क्यावर अमेरिकन जहाजातून गहू उतरत असतो आणि थोड्या अंतरावर सोव्हिएत जहाजातून लाकडी खोक्यांत बांधलेली यंत्रे. दोन्हीकडचे खलाशी एकमेकांकडे पाहतही नाहीत, पण दोन्हीकडच्या मालाची नोंद त्यांच्या एकाच वहीत होते. माझ्या शाळेच्या वह्यांनाही हेच भाग्य लाभले होते. जुनी गुळगुळीत सोव्हिएत मासिके आणि अमेरिकनांचे 'स्पॅन' ही दोन्ही रद्दीवाल्याकडे स्वस्तात मिळत, आणि जूनमध्ये आई त्यांची पाने वह्यांना कव्हर म्हणून घालत असे. गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर चालवणारी हसरी बाई आणि इतिहासाच्या वहीवर अमेरिकेतला झुलता पूल, अशा जोडीने मी कित्येक इयत्ता काढल्या. ही दोन चित्रे एकमेकांची वैरी आहेत, हे मला फार उशिरा कळले.

१९६६ चा तो काळ मला रांगेतून आठवतो. पाऊस दोन वर्षे लागोपाठ फसला होता आणि त्या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आले, त्यातले बहुतेक अमेरिकेतून. रेशनच्या दुकानात पीएल ४८० या अमेरिकन कायद्याखाली आलेला लाल गहू मिळे. त्याची पोळी तव्यावरून उतरताच खाल्ली तर ठीक. थंड झाली की चिवट होई आणि आजीच्या दातांना ती तुटत नसे. हा गहू पुढच्या महिन्यात येणार की नाही, हे अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन जवळजवळ जहाजाजहाजाला ठरवत होते. वर्षाचा पुरवठा एकदम मंजूर न करता थोडा थोडा सोडायचा आणि भारत कसा वागतो ते पाहायचे, अशी त्यांची रीत. व्हिएतनामवरील बाँबफेक थांबवा, असे आपल्या सरकारने म्हटले होते आणि त्याचा राग थेट गव्हापर्यंत पोहोचला होता. आमच्या शेजारच्या तात्यांचे म्हणणे सरळ होते. ते गॅलरीत उभे राहून म्हणत, "ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी." वडील सहसा वाद घालत नसत. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "तात्या, पोळीचे पैसे आपण रुपयांत मोजतोय. त्यासाठी पोरगा कशाला द्यायचा?"

हा पोरगा आमच्या घरातून एकदा गेलेला होता. आजोबांचा थोरला भाऊ साताऱ्याकडून मराठा पलटणीत भरती झाला आणि पहिल्या महायुद्धात मुंबईच्या बंदरातून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेला. तिथे कूत-अल-अमारा येथे पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढले. एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीने हैराण झालेल्या त्या फौजेने शरणागती पत्करली आणि त्यानंतरच्या कैदेत असंख्य माणसे वाळवंटातच राहिली. तो परतला नाही, एवढेच घरात माहीत होते. तुर्कस्तानशी आपले भांडण काय, हे तो निघाला तेव्हा त्याला, त्याच्या आईला किंवा गावच्या पाटलाला कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. मस्जिद बंदरला भारतीय खलाशांच्या वसतिगृहात त्या युद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही. मी ते पाहायला गेले होते तेव्हा बाहेर हातगाड्यांची गर्दी होती आणि रस्त्यावरच्या कोणालाही आत काय आहे ते माहीत नव्हते. पुढे ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाईसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात आहे असे जाहीर केले, तेही कोणत्याही भारतीय प्रतिनिधीला न विचारता. प्रांतांतली काँग्रेसची मंत्रिमंडळे त्या निषेधार्थ बाहेर पडली, आणि तरीही २५ लाखांच्या आसपास माणसे त्या सैन्यात दाखल झाली. नाझींविरुद्धचे ते युद्ध लढण्याजोगे होते, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच ते न विचारता लादले गेले, ही गोष्ट मला अधिक जिव्हारी लागते. योग्य युद्धात उतरण्याचा मानही आपल्याकडून काढून घेतला गेला होता.

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी बंड पुकारले. आपण त्याची आठवण काढतो ती बहुधा निकृष्ट जेवणाची आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीची. पण त्यांच्या मागण्यांत आणखी एक मागणी होती: इंडोनेशियातील भारतीय सैन्य परत आणा. आदल्या नोव्हेंबरमध्ये सुराबायाच्या रस्त्यांवर भारतीय जवान, डचांची सत्ता परत येऊ नये म्हणून लढणाऱ्या इंडोनेशियन तरुणांवर गोळ्या झाडत होते. विशीतल्या खलाशांना हे सहन झाले नाही. त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरणगाव रस्त्यावर आले, परळ-लालबागमध्ये गोळीबार झाला आणि त्या काही दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. वडील तेव्हा विशीत होते. गल्लीच्या तोंडाशी रक्तावर टाकलेली वाळू त्यांनी पाहिली होती. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, ७ सप्टेंबर १९४६ रोजी, हंगामी सरकारचे प्रमुख म्हणून नेहरू आकाशवाणीवरून बोलले. परस्परांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या आणि जगाला यापूर्वी महायुद्धांत ढकललेल्या गटांच्या सत्तास्पर्धेपासून शक्यतो दूर राहण्याचा आमचा विचार आहे, असा त्या भाषणाचा आशय होता. ते विचार दिल्लीच्या ग्रंथालयात बसून सुचले असे कोणाला वाटत असेल. मला त्यांच्या मुळाशी ही गोदी दिसते. ज्या देशाची माणसे दोन पिढ्या दुसऱ्याच्या सहीने मरायला गेली, त्याने स्वतःची सही हातात आल्यावर ती लगेच तिसऱ्याच्या करारनाम्यावर कशी करावी?

आणि असा विचार करणारे आपण पहिले नव्हतो. अमेरिका स्वतंत्र होऊन पुरती दोन दशकेही झाली नव्हती, तेव्हा फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले. ज्या फ्रान्सच्या पैशांवर, सैन्यावर आणि आरमारावर अमेरिकेने स्वातंत्र्य मिळवले, त्याच्याशी १७७८ चा मैत्रीचा तह होता. लोकांच्या मनात फ्रान्सविषयी प्रेम होते. पण सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः आयातीवरील जकातीचा होता आणि ती आयात मुख्यतः ब्रिटिश मालाची होती. लढाऊ आरमार म्हणावे असे काही नव्हते. सरहद्दीवर ब्रिटिशांची ठाणी अजून उभी होती. परराष्ट्रमंत्री जेफरसन आणि अर्थमंत्री हॅमिल्टन यांचे या प्रश्नावर कडाक्याचे मतभेद झाले, एदमों जने हा फ्रान्सचा दूत अमेरिकन बंदरांतून परस्पर जहाजे सज्ज करू लागला, आणि या सगळ्यात पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी २२ एप्रिल १७९३ रोजी तटस्थतेची घोषणा केली. उपकार विसरला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. मला त्या घोषणेमागची चिंता फार ओळखीची वाटते. नव्या घराचे छप्पर अजून शाकारायचे असताना माणूस शेजाऱ्यांच्या मारामारीत काठी घेऊन उतरत नाही. त्याला एक-दोन पावसाळे निभावायचे असतात. याच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी १९५६ मध्ये तटस्थता हे अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास अनैतिक आणि अदूरदर्शी धोरण आहे असे म्हटले, तेव्हा भारत अवघा नऊ वर्षांचा होता. आपल्या पहिल्या अध्यक्षांनी मागितली होती तेवढी सवड दुसऱ्या नव्या देशाला द्यायला ते तयार नव्हते.

पण केवळ सवड मिळवणे एवढाच हेतू असता, तर ती मुलगी बरोबर ठरली असती. मग आपण कोपऱ्यात गप्प बसून धान्य आणि यंत्रे गोळा केली असती. आपण तसे केले नाही, आणि हे सांगताना मला नेहमी शंकरराव थोरात आठवतात.

थोरात कोल्हापूरकडचे. १९४५ च्या आरंभी ब्रह्मदेशातील कांगाव येथे जपान्यांशी झालेल्या घनघोर लढाईत त्यांनी आपल्या पलटणीचे नेतृत्व केले आणि ब्रिटिश बादशहाच्या नावे डीएसओ हे लष्करी सन्मानपदक मिळवले. आठ वर्षांनी तोच अधिकारी कोरियात होता, या वेळी स्वतःच्या सरकारच्या आदेशाने. कोरियन युद्धात भारताने उत्तर कोरियाला आक्रमक ठरवणाऱ्या ठरावाला जून १९५० मध्ये मत दिले होते, पण लढाऊ सैन्य न पाठवता वैद्यकीय पथक पाठवले; आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये चीनला आक्रमक ठरवण्याचा ठराव आला तेव्हा अमेरिकेची नाराजी ओढवून विरोधी मत दिले. युद्ध संपेना ते एका प्रश्नावर: मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांचे काय करायचे? त्यावरचा भारताचा तोडगा १९५२ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांत मांडला गेला, तेव्हा सोव्हिएत प्रतिनिधी विशिन्स्की यांनी त्याची यथेच्छ निर्भर्त्सना केली. पुढच्या वर्षी तोच तोडगा थोड्या फेरफाराने दोन्ही बाजूंनी स्वीकारला. परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांचा सांभाळ करायला थोरातांच्या हाताखाली सुमारे सहा हजार भारतीय जवान गेले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही असे बजावल्यामुळे त्यांना बंदरातून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. त्यांच्या छावणीचे नाव होते हिंद नगर. कैदी दगड मारत, घोषणा देत. एकदा त्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला तारांच्या आत पकडून ठेवले, तेव्हा थोरात मोजक्या माणसांनिशी त्या संतप्त जमावात शिरले आणि बोलून, समजूत घालून त्याला सोडवून आणले. ज्यांना कोणत्याच कोरियात किंवा चीनमध्ये जायचे नव्हते असे काही मोजके कैदी फेब्रुवारी १९५४ मध्ये या सैन्याबरोबर भारतात आले.

मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा मनात घोळवते. कूतला गेलेल्या आमच्या आजोबांच्या भावाची पलटण आणि थोरातांची माणसे यांच्यात गणवेशाचा, कवायतीचा, चहाच्या मगाचा फारसा फरक नसणार. फरक आदेश कोणी दिला याचा होता. दोन्ही बाजूंच्या शिव्या खात मध्ये उभे राहणे आणि त्यासाठी रोज सकाळी उठून दगडांच्या टप्प्यात जाणे, याला मनगट लागते. बंदूक असून ती न चालवणाऱ्याच्या मनगटाची ताकद मोजण्याचे साधन वक्तृत्व स्पर्धेत सापडत नाही, एवढेच.

तरीही सगळेच असे उजळ नव्हते. १९५६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ब्रिटन आणि फ्रान्स सुएझवर चालून गेले तेव्हा भारताचा निषेध तत्काळ आणि कडक शब्दांत आला. त्याच दिवसांत सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, आणि आपली वाचा अडखळली. ९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांत हंगेरीतून सोव्हिएत सैन्य माघारी घ्यावे आणि तिथे खुल्या निवडणुका घ्याव्यात असा ठराव आला, तेव्हा भारताने सोव्हिएत गटाबरोबर विरोधी मत दिले. जयप्रकाश नारायण यांनी त्यावर उघड टीका केली. त्या मतामागे काश्मीर होते. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकाराची आपल्याला गरज होती, हे मला समजते. समजूनही ते मत मला आजही सलते. प्रत्येक प्रश्न त्याच्या गुणदोषांवर तोलू, असे सांगणाऱ्या देशाने त्या दिवशी तराजूत स्वतःची गरज टाकली. वडिलांना मी एकदा हे विचारले होते. ते म्हणाले, "गहू घेतानासुद्धा आपण मान वाकवली नाही, मग तिथे का वाकवली ते मला सांगता येणार नाही." त्यापलीकडे त्यांच्याकडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नाही.

मिळाले काय, हे मात्र आमच्या शहरात रोज दिसते. पवईची आयआयटी १९५८ मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर सुरू झाली. पहिली शंभर मुले वरळीच्या एका उसन्या इमारतीत शिकली. त्याच सुमारास कानपूरच्या आयआयटीला अमेरिकन विद्यापीठे हात देत होती आणि मद्रासच्या आयआयटीला पश्चिम जर्मनी. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) किनाऱ्यावर कॅनडाची अणुभट्टी अमेरिकेच्या जड पाण्यावर १९६० मध्ये चालू झाली. माझ्या मामेभावाच्या हाताला पवईच्या कार्यशाळेतल्या रशियन लेथचे वळण होते आणि त्याने पुढची सगळी नोकरी तारापूरला, अमेरिकन बनावटीच्या अणुभट्टीवर केली. १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेने त्या भट्टीच्या इंधनाची अडवणूक सुरू केली आणि पुढे फ्रान्सने ते पुरवले. एकाच दुकानात खाते असते तर त्या दिवसांत तारापूरची वीज कशी चालली असती, हे तो अजूनही पोटतिडकीने सांगतो.

आणि १९६२. या विषयावर कोणीही बोलू लागले की शेवटी इथेच यावे लागते. अलिप्ततेचा सर्वांत मोठा आवाज म्हणजे कृष्ण मेनन, आणि त्यांना लोकसभेत पाठवले होते आम्हीच, उत्तर मुंबईने, १९५७ मध्ये आणि पुन्हा १९६२ च्या फेब्रुवारीत, कृपलानींसारख्या माणसाला हरवून. ऑक्टोबरमध्ये चीन चालून आला, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संरक्षण खाते सांभाळलेल्या मेनन यांना मंत्रिमंडळातून जावे लागले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना पत्र लिहून लढाऊ विमानांच्या तुकड्या मागितल्या. पंधरा वर्षे जपलेले धोरण एका रात्रीत गुडघ्यावर आले, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले आणि त्या मुलीचा मुद्दाही बहुधा तिथूनच आला असेल. पण पुढचे सहा महिने पाहावेत. अमेरिकेची आणि ब्रिटनची शस्त्रे आली, आणि त्यांच्या पाठोपाठ अमेरिकेचे हॅरिमन आणि ब्रिटनचे सँडीस आले, काश्मीरवर पाकिस्तानशी बोला असे सांगायला. डिसेंबर १९६२ ते मे १९६३ या काळात स्वर्णसिंग आणि भुट्टो यांच्यात बोलण्याच्या सहा फेऱ्या झाल्या. निष्पन्न काही झाले नाही. काही महिन्यांच्या मदतीची एवढी किंमत मागितली गेली, तर कायमच्या तहाची किती मागितली गेली असती? सरकारनेही गट न धरता सोव्हिएत मिग विमानांचा आधीच झालेला करार पुढे नेला, आणि त्यांचा कारखाना आपल्या नाशिकजवळ ओझरला उभा राहिला.

१९६२ मध्ये आपण हरलो ते तटस्थ होतो म्हणून, हे मला पटत नाही. हरलो ते तटस्थ राहण्यासाठी जे करावे लागते ते केले नाही म्हणून. वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या संदेशात कायमच्या तहांपासून दूर राहायला सांगितले, तसेच स्वतःच्या बचावाची तयारी इतरांनी मान राखावा इतकी ठेवायलाही सांगितले होते. आपल्याकडे हे सांगणारा माणूस होता. कोरियाहून परतलेले थोरात पुढे पूर्व विभागाचे सेनापती झाले. १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, संरक्षणाचा अहवाल दिल्लीला पाठवला, मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन चीनने हल्ला केला तर आपली तोकडी फौज कुठे आणि कशी तुटेल ते दाखवून दिले, आणि १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. त्या अहवालात मागितलेल्या पलटणी, रस्ते आणि दारूगोळा उभारायला कितीही खर्च आला असता, तरी तो केनेडींना लिहिलेल्या त्या पत्राहून स्वस्तच पडला असता.